घोरणाऱ्याला ऐकू येत नाही, तुम्हाला येतं!

घुर्रर्र... फूऽऽ! घुर्रर्र... फूऽऽ!

ओळखलात ना दोस्तांनो, हा आवाज? या आवाजाचाही जागतिक विक्रम झालेला आहे, बरं का! २४ मे १९९३ रोजी स्वीडनमधल्या ऑरेब्रो इथल्या रुग्णालयात एका गृहस्थांचं घोरणं यंत्रानं मोजलं. ते भरलं ९३ डेसिबल! म्हणजे कानाजवळ मिक्सर चालू असावा, तसा आवाज. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. वाचून हसू आलं ना? पण थांबा. विक्रम मोजला गेला तो रुग्णालयात, हे लक्षात आलं का तुमच्या? या गृहस्थांना झोपेत श्वास अडकण्याचा आजार होता. जगाला गंमत वाटली, तो खरं तर एका आजारी माणसाचा श्वासासाठी चाललेला झगडा होता.

आज आपण या घोरण्याचीच गोष्ट समजून घेणार आहोत. हसत हसत समजून घेऊ, पण नीट समजून घेऊ. कारण यात एक महत्त्वाचं काम तुमच्यावर आहे. ते कोणतं, ते पुढे कळेलच.

मी खंय घोरतंय?

मे महिना आला, मुंबईचे चाकरमानी गावाला आले, की मालवणपासून सावंतवाडीपर्यंत घराघरांत रात्रीची मैफल सुरू होते. माजघरात ओळीनं अंथरुणं पडलेली. बाहेर समुद्राची गाज, कौलांवर माडाच्या झावळ्यांची सळसळ, आणि मधोमध काकांचं घोरणं! एका कोपऱ्यातून काका सुरू झाले, की दुसऱ्या कोपऱ्यातून आजोबा साथ धरतात. सकाळी चहा पिताना आजी सगळ्यांदेखत म्हणते, "रातभर घोरता आनि वर म्हनता, माका झोपच लागूक नाय!" आजोबा लगेच उसळतात, "मी? मी खंय घोरतंय!"

आता सांगा, आजोबा खोटं बोलतात का? मुळीच नाही! घोरणाऱ्याला आपलं घोरणं बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. तो झोपलेला असतो ना! क्वचित आपल्याच आवाजानं तो दचकतो, कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्यातलं काही आठवत नाही. आणि "माका झोपच लागूक नाय" हेसुद्धा खरं असू शकतं! ते कसं, ते बघू या.

आवाज येतो कुठून?

आपण श्वास घेतो तेव्हा हवा नाकातून आत येते, टाळूच्या मागून घशात उतरते आणि श्वासनलिकेतून फुफ्फुसात जाते. आता या वाटेची रचना बघा. नाकाला आधार आहे हाडाचा आणि कूर्चेचा. श्वासनलिकेला आधार आहे कूर्चेच्या कड्यांचा. गळ्यावर पुढून हळूच बोट फिरवा, त्या कड्या हाताला लागतील. पण या दोन्हींच्या मधला घशाचा जो भाग आहे, त्याच्या भिंती नुसत्या मऊ स्नायूंच्या आहेत. त्याच भागानं आपण गिळतो, त्याच भागानं बोलतो, म्हणून तो मऊ असावाच लागतो.

जागेपणी हे स्नायू ताठ असतात आणि वाट मोकळी ठेवतात. झोप लागली की सगळं अंग सैल पडतं, तसे हेही सैल पडतात. उताणं झोपलं तर जीभ मागे सरकते. मऊ टाळू आणि त्याला लोंबणारी पडजीभ खाली येते. वाट अरुंद होते. आणि अरुंद वाटेतून जायचं म्हटलं की हवा वेग घेते.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे गेला आहात ना? खाडीचं रुंद पाणी ओहोटीच्या वेळी त्या मुखातून कसं जोरात धावतं! होडीवाल्यांना ते चांगलं ठाऊक असतं. घशातल्या हवेचंही तसंच. वेगानं धावणारी हवा मऊ टाळूला आणि पडजिभेला हलवते. वाऱ्यात सैल सोडलेलं शीड फडफडतं, तसे ते फडफडतात. हीच आपली घुर्रर्र!

माडाच्या पातीची पिपाणी तुम्ही केली असेलच. दशावतारात वाजणाऱ्या पायपेटीतसुद्धा हवेच्या जोरानं पितळेच्या पातळ पट्ट्या थरथरतात आणि सूर निघतो. पिपाणी, पायपेटी आणि काकांचा घसा, तिघांचं तत्त्व एकच. फरक एवढाच की पायपेटी वाजवायला शिकावं लागतं, घोरणं आपोआप येतं!

करून पाहा

प्रयोग पहिला. वहीच्या कागदाच्या दोन लांब पट्ट्या घ्या. दोन हातांत एकेक पट्टी वरच्या टोकाला धरून तोंडासमोर समोरासमोर लोंबू द्या. मधे तीनचार बोटांचं अंतर ठेवा. आता त्या दोन्हींच्या मधून जोरात फुंका. पट्ट्या लांब जातील असं वाटतं ना? पण नाही, त्या जवळ येतात आणि फडफडतात! वेगानं जाणाऱ्या हवेमुळे मधला दाब कमी होतो, म्हणून त्या एकमेकींकडे ओढल्या जातात. घशाच्या सैल भिंतींचंही असंच होतं.

प्रयोग दुसरा जास्त चविष्ट आहे. किनाऱ्यावर शहाळं प्यायला गेलात, की कागदी नळी मागा. थोडा वेळ ती पाण्यात भिजू द्या. मऊ पडली की जोरात ओढा. काय झालं? नळी चपटी झाली आणि पाणी येणंच थांबलं! आणखी जोर लावला तर आणखी चपटी. जोर लावून उपयोग नाही, कारण ओढण्यामुळेच तर ती मिटते आहे.

हा दुसरा प्रयोग नीट लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीतला खरा धोका तोच आहे.

आवाज थांबला की...

पुष्कळ लोकांचं घोरणं साधं असतं. सर्दी झाली, दिवसभर राबून माणूस फार दमला, उताणा झोपला, की चार घटका घोरतो. शेजारच्यांची झोप मोडते, पण घोरणाऱ्याला त्याचा फारसा त्रास होत नाही.

काहींचं मात्र वेगळं असतं. आवाज वाढत वाढत जातो आणि अचानक बंद पडतो. सगळं शांत! शेजारचे म्हणतात, "सुटलो बाबा एकदाचे!" पण ती शांतता चांगली नसते. भिजलेल्या नळीसारखा घसा मिटलेला असतो. छाती आणि पोट हलत असतात, माणूस श्वास ओढत असतो, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त. रक्तातला प्राणवायू कमी होतो. मग मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. माणूस क्षणभर अर्धवट जागा होतो, घशाचे स्नायू ताठ होतात आणि 'खर्रर्र' असा मोठा आवाज करून श्वास पुन्हा सुरू होतो. पुन्हा झोप, पुन्हा घोरणं, पुन्हा शांतता.

याला डॉक्टर 'स्लीप ॲप्निया' म्हणतात. ॲप्निया या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ श्वास नसणं. मोठ्या माणसाचा श्वास असा दहा सेकंद किंवा जास्त वेळ अडला, की तो एक अडथळा मोजतात. तासाला तीसहून जास्त अडथळे असले तर आजार तीव्र समजतात. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा जाग! सकाळी ते काही आठवत नाही, पण अंग आंबलेलं, डोकं जड आणि दिवसभर डुलक्या. आता पटलं ना, "झोपच लागूक नाय" म्हणणारे आजोबा खरं बोलत असतील ते?

आपल्याकडे समजूत अशी, की जो घोरतो तो गाढ झोपला. कुंभकर्णाचंच उदाहरण देतात. वाल्मीकी रामायणात वर्णन आहे, की त्याला उठवायला गेलेले राक्षस त्याच्या श्वासाच्या झोतानं मागे ढकलले जात होते. पण खरी गाढ झोप ही बहुतेक वेळा शांत असते, दोस्तांनो. झोपेत श्वासासाठी कुस्ती करणारा माणूस आठ तास अंथरुणात पडला, तरी विश्रांती थोडीच मिळते.

हसण्यावारी नेऊ नका

हा आजार दूर कुठेतरी परदेशात असतो, असं समजू नका. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या, ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना त्यांनी झोपेबद्दल विचारलं. त्यांतले शेकडा २६ नेहमी घोरणारे निघाले. मग काहींची रात्रभर यंत्रानं तपासणी केली. त्यावरून अंदाज निघाला, की अशा शंभर पुरुषांमागे सातआठ जणांना झोपेत श्वास अडण्याचा आणि दिवसा झोप येण्याचा आजार आहे. आणि हे सगळे स्वतःला धडधाकट समजणारे लोक होते!

आजार बरीच वर्षं तसाच राहिला, तर रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. 'डिस्को' गाण्यांमुळे घरोघरी पोचलेले संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत वारले, तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. त्यांच्या डॉक्टरांनी जी कारणं सांगितली, त्यांत झोपेत श्वास अडण्याच्या या आजाराचं नाव होतं. त्या वेळी पुष्कळांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

शिवाय दिवसाच्या डुलक्यांचा धोका वेगळाच. घरी खुर्चीत डुलकी लागली तर पेपर हातातून पडेल, एवढंच. पण रात्री होडी हाकणाऱ्या तांडेलाला डुलकी लागली तर? मुंबई-गोवा महामार्गावर ट्रक चालवणाऱ्याला लागली तर?

घाबरून जाऊ नका हं! घोरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार नसतो. आणि ज्याला असतो, त्याच्यासाठी चांगले उपाय आहेत. अडचण एकच. ज्याला आजार आहे, त्याला तो दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. तो ऐकू येतो शेजारी झोपलेल्याला. म्हणजे पुष्कळ घरांत, तुम्हाला!

वर्गातला 'झोपाळू'

आता तुमच्याच वयाच्या मुलांकडे वळू या. मुलंही घोरतात का? हो! सर्दीत दोन दिवस घोरलं तर काही बिघडत नाही. पण काही मुलं सर्दी नसतानाही आठवड्यातून तीनचार रात्री घोरतात, तोंड उघडं टाकून झोपतात. त्याचं नेहमीचं कारण असतं टॉन्सिल आणि ॲडेनॉइड. टॉन्सिल म्हणजे घशाच्या दोन बाजूंच्या गाठी. 'आ' करून आरशात पाहिलं तर दिसतात. ॲडेनॉइड ही नाकाच्या मागे लपलेली गाठ. ती आरशात दिसत नाही. रोगजंतूंशी लढण्यासाठी या गाठी असतात. साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात त्या तुलनेनं मोठ्या असतात आणि पुढे हळूहळू लहान होतात. पण काही मुलांत त्या इतक्या वाढतात, की श्वासाची वाटच अडवतात. शंभर मुलांत साधारण एक ते पाच मुलांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास असतो.

गंमत अशी, की मोठी माणसं झोप अपुरी झाली की पेंगतात, पण पुष्कळ मुलं उलट वागतात. ती चिडचिडी होतात, एका जागी बसत नाहीत, धड्यात लक्ष लागत नाही. काहींना सकाळी डोकेदुखी असते. काही मुलं मोठी झाली तरी अंथरुण ओलं करतात. मग घरी म्हणतात, "हट्टी आहे." शाळेत म्हणतात, "मठ्ठ आहे." आणि ते मूल बिचारं रोज रात्री श्वासाशी झुंजत असतं!

ही गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात पूर्वीच आली होती. १८८९ साली विल्यम हिल नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की जे मूल तोंडानं श्वास घेतं, रात्री घोरतं, शाळेत डोकं दुखतं म्हणतं, त्या आळशी आणि मंद समजल्या जाणाऱ्या मुलाकडे शाळेच्या डॉक्टरनं नीट लक्ष द्यायला हवं. पण पुढे कितीतरी वर्षं त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

मग १९९८ साली अमेरिकेत डेव्हिड गोझाल या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिलीच्या वर्गात अगदी मागे पडलेली २९७ मुलं त्यांनी तपासली. त्यांतल्या ५४ मुलांना झोपेत श्वासाचा त्रास निघाला. म्हणजे दर सहा मुलांत जवळजवळ एकाला! २४ मुलांच्या आईवडिलांनी टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढून घेण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. बाकीच्या ३० जणांनी करून घेतली नाही. पुढच्या वर्षी काय झालं असेल? उपचार झालेल्या मुलांचे गुण वाढले. बाकीच्यांचे होते तिथेच राहिले. मुलं तीच, शाळा तीच, फक्त रात्रीचा श्वास मोकळा झाला होता!

म्हणजे मागे पडणारं प्रत्येक मूल घोरण्यामुळेच मागे पडतं, असं नाही. पण तुमच्या वर्गात कुणी रोज बाकावर मान टाकत असेल, तर त्याला टोपणनाव ठेवण्याआधी एवढं आठवा.

उपाय काय?

आधी घरचे साधे उपाय बघू या.

कुशीवर झोपा. उताणं झोपल्यावर जीभ मागे पडते, कुशीवर तितकी पडत नाही. झोपेत पुन्हा उताणे होणाऱ्यांसाठी एक जुनी युक्ती आहे. बनियनला पाठीकडून खिसा शिवायचा आणि त्यात रबरी चेंडू ठेवायचा. उताणं झालं की चेंडू टोचतो आणि माणूस आपोआप कुशीवर वळतो. आजोबा कुरकुर करतील, पण काही दिवस करून बघायला हरकत नाही.

नाक मोकळं ठेवा. आपल्या कोकणात पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटात बुरशी धरते, गोधड्यांना कुबट वास येतो. काहींना त्यानं सतत शिंका आणि चोंदलेलं नाक. ऊन पडलं की अंथरुणं खळ्यात वाळत घाला. झोपायच्या खोलीत मच्छर अगरबत्तीचा धूर कोंडू नका, मच्छरदाणी बरी. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर त्या धुरानं ओढणाऱ्याचा घसा सुजतोच आणि शेजारी झोपणाऱ्या मुलांचं नाकही चोंदतं.

वजन आटोक्यात ठेवा. गळ्याभोवती चरबी वाढली की आतली वाट अरुंद होते. पण दोस्तांनो, बारीक माणसंही घोरतात आणि त्यांनाही हा आजार होतो, हे विसरू नका.

दारू प्यायल्यावर घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. झोपेच्या काही गोळ्यांनीही तसंच होतं. म्हणून घोरणाऱ्या माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा गोळ्या घेऊ नयेत.

आणि पुरेशी झोप घ्या. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास. पांघरुणात मोबाइल घेऊन बसलात तर हा हिशेब कुठून जुळणार?

एवढ्यानं भागलं नाही, किंवा श्वास अडताना दिसला, तर मात्र डॉक्टर. मुलांच्या बाबतीत कान-नाक-घशाचे डॉक्टर टॉन्सिल तपासतात, ॲडेनॉइड तपासतात. कधी औषधानं भागतं, कधी शस्त्रक्रिया लागते. मोठ्यांना रात्रभराची झोपेची तपासणी करायला सांगतात. अंगाला तारा लावून श्वास, प्राणवायू, हृदयाचे ठोके मोजायचे आणि माणसानं फक्त झोपायचं. झोपून द्यायची परीक्षा! आहे की नाही मजा?

व्हॅक्यूम क्लीनरची उलटी करामत

मोठ्यांच्या आजारावर सगळ्यात भरवशाचा उपाय कसा निघाला, ती गोष्ट ऐका. ज्या १९८१ साली आपला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी एका यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. तोवर तीव्र आजारावर उपाय होता गळ्याला भोक पाडण्याचा! सलिव्हन यांनी विचार केला, की घसा आत ओढला जाऊन मिटतो, तर त्यात बाहेरून थोड्या दाबानं हवा का सोडू नये? हवा भरलेली सायकलची ट्यूब चपटी होत नाही, तसा घसाही मिटणार नाही. त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली, ती हवा ओढण्याऐवजी बाहेर सोडेल अशी जोडली आणि नळी रुग्णाच्या नाकाला लावली. रुग्णाचा घसा मिटायचा थांबला आणि तो शांत झोपला!

आज याच यंत्राला 'सीपॅप' म्हणतात. ते उशाशी ठेवण्याइतकं लहान असतं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा डायव्हिंगला जाणारे पर्यटक तोंडावर मुखवटा चढवतात ना, काहीसं तसंच रात्री नाकावर लावायचं. घरात कुणी ते लावत असेल तर हसू नका. चष्म्याला आपण हसतो का?

एक ताजी गंमतही सांगतो. २०२५ साली जयपूरच्या डॉक्टरांनी या आजाराच्या ३० रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना दीर्घ श्वसन शिकवलं आणि काहींना चक्क शंख वाजवायला! आठवड्यातून पाच दिवस, रोज निदान पंधरा मिनिटं. सहा महिन्यांनी शंखवाल्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि रात्री श्वास अडणंही थोडं घटलं. वाजवताना घशाच्या स्नायूंना व्यायाम होतो, म्हणून असं होत असावं. पण रुग्ण अगदी थोडे होते. तेव्हा आजोबांचं यंत्र काढून त्यांच्या हातात शंख देऊ नका बरं!

हे मात्र करू नका

घोरणाऱ्याचं नाक चिमटीत धरू नका. झोपलेल्याच्या नाकात तेल किंवा पाणी टाकू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकतं. हल्ली मोबाइलवर तोंडाला चिकटपट्टी लावून झोपायचे सल्ले दिसतात. ज्याचं नाक चोंदलेलं आहे, त्याचा तर त्यानं श्वासच कोंडेल. आणि कुणाच्या घोरण्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकून हशा पिकवू नका.

व्हिडिओ काढाच, पण तो डॉक्टरांना दाखवण्यासाठी. आधी घरातल्या मोठ्यांना सांगून काढा. दोन मिनिटांचा पुरे. दवाखान्यात बसलेला रुग्ण जागा असतो, त्याचं घोरणं डॉक्टरांना ऐकू येत नाही. तुमचे दोन मिनिटांचे आवाज तिथे फार उपयोगी पडतात.

तुमचं काम : साक्षीदाराची वही

तर हे ते काम! रात्रभर जागायचं नाही हं, तुमची झोपही तितकीच महत्त्वाची. पण निजायच्या आधी घरातलं कुणी घोरताना ऐकलं, किंवा रात्री सहज जाग आली, तर दुसऱ्या दिवशी वहीत नोंद करा.

घोरणारी व्यक्ती उताणी होती की कुशीवर? सर्दी होती का? आवाज मधेच थांबत होता का? थांबला तेव्हा छाती हलत होती का? मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' असं म्हणत मोजलं तर किती सेकंद? पुन्हा सुरू होताना दचकल्यासारखं झालं का? आणि दिवसा जेवताना, बोलताना, गाडीत बसल्याबसल्या डुलकी लागते का?

चारपाच रात्रींच्या नोंदी झाल्या की वही आईबाबांना दाखवा. मोजताना श्वास फारच वेळ थांबला, ओठ निळसर दिसले, तर वही बाजूला ठेवा आणि त्या माणसाला हलवून उठवा, मोठ्यांना हाक मारा. एक पान स्वतःसाठीही ठेवा. आईला विचारा, "मी घोरतो का? तोंड उघडं टाकून झोपतो का?" तुमची साक्षीदार तीच.

नोंदी दाखवायच्या कुठे? जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात. पुढे गरज लागली तर आपल्या भागातले लोक जातात ते गोव्यातलं बांबोळीचं मोठं रुग्णालय आहेच. आणि शाळेत आरोग्य तपासणीला डॉक्टर येतात, तेव्हा दात आणि डोळे दाखवून पळून जाऊ नका. "मी रोज रात्री घोरतो, सकाळी डोकं दुखतं," एवढं एक वाक्य न लाजता सांगा.

घरच्या मोठ्यांशी मात्र जरा बेतानं बोला. सगळ्यांसमोर सांगितलंत तर ते चिडतील, उडवून लावतील. एकटे असताना जवळ बसा आणि म्हणा, "आजोबानू, रात्री तुमचो श्वास मधीच थांबत होतो. मी मोजलंय, बारा सेकंद." 'तुम्ही घोरता' हे त्यांनी जन्मभर ऐकलेलं असतं. 'तुमचा श्वास थांबतो' हे त्यांना आजवर कुणीच सांगितलेलं नसेल.